केळी पिकवायच्या खोलीत

सावद्यात स्टुडिओ नाही.
धनराज फालकांची केळी पिकवायची खोली आहे,
भिंतीत हातभर फोम, दाराला फ्रिजसारखं रबर.
एक लॉट गेला नि दुसरा यायचा,
मधले तीन-चार दिवस ती आमची.
मशीन बंद ठेवायचं, कारण मशीन घुमतं.
मग वीस मिनिटांत आत मे महिना होतो
आणि भिंती पिकल्या सालीचा वास सोडू लागतात.

त्या वासात बसून हेमलताबाई वारके वाचतात.
अठरा वर्षं फैजपूरच्या एक्स्चेंजमध्ये होत्या.
"लाइन बिझी आहे, थांबता का?"
या एका वाक्याचे म्हणे नऊ प्रकार होते:
व्यापाऱ्याला वेगळं, दवाखान्याला वेगळं,
आणि पलीकडे कोणी उचलणारच नाही हे ज्याचं ठाऊक आहे
त्याला आणखी वेगळं.

मला वाटलं होतं, एकतीस पात्रं म्हणजे एकतीस आवाज.
कागदावर रकाने आखून नेले होते.
त्यांनी त्या कागदावर पाण्याचा तांब्या ठेवला.
पुरुष बोलायचा तर आवाज जाड करत नाहीत,
वाक्यातली घाई तेवढी काढून घेतात.
लहान पोर आलं की हनुवटी बोटभर वर.
खुनी सगळ्यात हळू वाचला,
इतका हळू की मी हेडफोन कानावर दाबून धरला
आणि पुढच्या शब्दाला दचकलो.
वरची पट्टी? लागते, पण एकदाच,
नवव्या प्रकरणात, नावाडी पलीकडच्या काठाला हाक मारतो तेव्हा.
उरलेले सोळा तास ती हाक राखून ठेवलेली.
खाली मात्र कुठवर जातील सांगता येत नाही.
सावद्यावरून न थांबता जाणारी मालगाडी
रात्री आधी तळपायांना कळते, मग कानांना,
तितक्या खाली.

हिवाळाभर भरीत सोडलं होतं.
शेतात पार्टी, काड्यांवर वांगी भाजलेली, सगळं गाव धुरात,
आणि ह्या बाजूला बसून दूधभात.
"तिखटानं स फाटतो," म्हणाल्या,
"स फाटला की सगळी पात्रं साप होतात."

एक अक्षर तेवढं त्यांचं नाही.
आमच्याकडे ळ नसतोच. केयी, काया, मया.
जीभ उलटी वळवायची सवयच नाही.
पुण्याहून यादी यायची: तास तीन, मिनिट बारा, ळ तपासावा.
साठी उलटल्यावर आरशासमोर बसून शिकल्या,
काळी वेळ, पिवळी केळ, जिभेला घडी घालत घालत.
असा ळ आता पुण्यातही क्वचित.

शेवटचं प्रकरण. नावाड्याला काठावर आणून ठेवलंय.
आई वाकून म्हणते: डोळे उघड, बाळा.
त्या वाचून गेल्या: डोये उघड, बाया.
मी दाराबाहेर, उलट्या क्रेटवर लॅपटॉप घेऊन.
दोघंही गप्प.
"पुन्हा घेऊ," म्हणाल्या. घेतलं.
दुसऱ्या वेळी दोन्ही ळ धुतलेल्या वाट्यांसारखे.

मी पहिलं पाठवलं.
ओठ सुटल्याची एक टिचकी काढली,
बाकी हात लावला नाही.
सतरा दिवसांनी यादी आली, सात दुरुस्त्या:
चार ठिकाणी पान उलटल्याचं ऐकू येतं,
एकदा कबुतर, दोनदा पोटातला आवाज.
ते वाक्य नव्हतं.

"कोणतं घेतलं होतं?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, दुसरं.
त्या ऐकणार नव्हत्याच.
स्वतःचा आवाज ऐकला की वाटतं, म्हणायच्या,
कोणीतरी चुकून माझाच नंबर मला जोडून दिलाय.
बाहेर फालकांचा ट्रक रिव्हर्स घेत होता,
हिरव्या फण्यांचे क्रेट, वर ओली गोणपाटं.
त्यांनी तांब्या उचलला, चष्मा पदराला पुसला.
मी विचारलं, पुढचं पुस्तक कधी?
"केयी पिकू दे आधी," म्हणाल्या, "मंग पाहू."